नाक किंवा बुगडी टोचल्यानंतर: जखम पूर्ण भरेपर्यंत घ्यायची काळजी

आपल्यापैकी बहुतेकींच्या कानाच्या पाळ्या तान्हेपणीच टोचलेल्या असतात आणि ती जखम कशी भरली, किती दिवस चिघळली, हे कोणालाही आठवत नाही. त्यामुळे मोठेपणी नाक टोचायचे किंवा बुगडीसाठी, भिकबाळीसाठी कानाचा वरचा भाग टोचायचा असे ठरले, की आठ-पंधरा दिवस खोबरेल तेल लावले, चमकी अधूनमधून फिरवली, की काम झाले अशीच समजूत असते. मी नाक आणि बुगडी दोन्ही मोठेपणी टोचून घेतल्या आणि पुढे घरातल्या व ओळखीतल्या अनेक मुलींबरोबर सोनाराकडे आणि पिअर्सिंग स्टुडिओमध्ये गेले. प्रत्येकीचे प्रश्न जवळजवळ तेच असतात आणि त्यांना मिळणारे उलटसुलट सल्लेही तेच असतात. प्रथमच टोचून घेणाऱ्यांसाठी ही सर्व माहिती क्रमाने लिहीत आहे.

पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण एकाच गोष्टीत आहे. टोचलेले भोक म्हणजे आरपार गेलेली जखम असते आणि दागिन्याभोवती नवी त्वचा दोन्ही टोकांकडून आत, मध्याकडे वाढत जाते. बाहेरची कडा दोन-तीन आठवड्यांत कोरडी आणि निरोगी दिसू लागते, तेव्हा आतली नळी अजून कच्चीच असते. अशा वेळी दागिना काढला, फिरवला किंवा ओढला गेला, की आतली नाजूक त्वचा फाटते आणि भरत आलेली जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. कानाच्या वरच्या भागात कूर्चा, म्हणजे मऊ हाड असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. म्हणून तिथली जखम पाळीपेक्षा कितीतरी सावकाश भरते आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो आटोक्यात आणणेही अवघड जाते.

१. टोचण्याचा दिवस ठरवा

कानाची पाळी साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. नाकपुडीला ४ ते ६ महिने लागतात. बुगडीची किंवा भिकबाळीची जागा भरण्यास ६ ते १२ महिने लागतात आणि बेंबीलाही जवळपास तितकाच काळ लागतो. दिवस ठरवताना कॅलेंडरवर हा संपूर्ण काळ मोजावा, कारण बहुतेक अडचणी इथेच सुरू होतात.

लग्न ठरले, आता नथ घालायची आहे, म्हणून पंधरा दिवस आधी नाक टोचून घेणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहते. नुकत्याच टोचलेल्या नाकात मोत्यांची जड नथ घातली की भोक खाली ओढले जाते आणि त्यातच हळदीच्या दिवशी हळद, तेल आणि कित्येकांचे हात त्या जखमेला लागतात. लग्नाला सहा महिने उरले नसतील तर सरळ दाबाची, म्हणजे प्रेसची नथ घालावी आणि नाक लग्नानंतर सावकाश टोचावे. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुला-मुलींनाही हेच सांगेन. मिरवणुकीच्या आठवड्यात भिकबाळीसाठी कान टोचला, तर घाम, धूळ, गुलाल आणि फेट्याची घडी या सगळ्यांचा मारा त्या जखमेवर होतो. त्यांच्यासाठीही दाबाची भिकबाळी सर्वत्र मिळते.

‘नीट’सारख्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. परीक्षा केंद्रावर दागिने घालून आत सोडत नाहीत आणि नवी चमकी काढली तर नाकातले भोक काही तासांतही बुजू शकते. अशा परीक्षेच्या आधीच्या सहा महिन्यांत टोचू नये. ठरलेली शस्त्रक्रिया किंवा एमआरआय तपासणी जवळ आली असेल, पोहण्याचे वर्ग सुरू होणार असतील किंवा कोकणात समुद्रावर जायचे ठरले असेल, तरीही थांबणे चांगले. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी टोचण्यापूर्वीच रक्तदान करून घ्यावे, कारण टोचल्यानंतर काही महिने रक्तपेढी रक्त स्वीकारत नाही.

मधुमेह, हृदयाच्या झडपांचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार, मुरुमांसाठी सुरू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. घरात कोणाला केलॉइड होत असेल, म्हणजे साध्या जखमेवरही मांसाची वाढती गाठ येत असेल, तर कान टोचण्याचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

२. टोचणारी व्यक्ती निवडा आणि आधी प्रश्न विचारा

आपल्याकडे तीन पर्याय असतात: पिढीजात सोनार, त्वचारोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि पिअर्सिंग स्टुडिओ. चांगल्या सोनाराचा हात अतिशय हलका असतो आणि सोन्याच्या टोकदार तारेने तो क्षणात टोचतो. मात्र ती तार स्पिरिटने पुसलेली असली तरी निर्जंतुक झालेली नसते. तान्ह्या बाळाच्या पाळीच्या बाबतीतही ही शंका रास्तच आहे, आणि कूर्चेच्या बाबतीत तर मी धोका पत्करणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: नाक आणि कानाचा वरचा भाग सीलबंद, एकदाच वापरायच्या पोकळ सुईनेच टोचून घ्यावा, मग ते काम दवाखान्यात होवो किंवा स्टुडिओत.

बंदुकीने, म्हणजे गनने, टोचणे सोपे आणि स्वस्त वाटते, पण त्या यंत्राचा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकत नाही. शिवाय त्यात सुई नसते. बोथट टोकाची कुडी झटक्याने आरपार ढकलली जाते आणि त्या दाबाने कूर्चा चिरडते. बुगडीसाठी गन वापरू असे कोणी म्हटले तर तिथून उठून यावे.

बसण्यापूर्वी पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडणार का? दागिना ऑटोक्लेव्ह केलेला आहे का? (१२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली, किमान १५ मिनिटे ठेवलेल्या वस्तूलाच निर्जंतुक म्हणता येते, उकळत्या पाण्यात टाकून काढणे पुरेसे नाही.) हातमोजे नवे आहेत का? खुणेसाठी वापरलेले पेन प्रत्येकासाठी वेगळे आहे का? जंतुनाशकाची बाटली कधी भरली? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या स्टॉलवर कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्या अनेकांना सुडोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाला होता आणि त्याचा माग घेतल्यावर तो जंतुनाशकाच्याच फवारा-बाटलीत सापडला. काहींच्या कानाचा आकार त्यामुळे कायमचा बिघडला.

पुढे नथ घालायची असेल तर ती नथ सोबत न्यावी आणि खूण करण्यापूर्वी दाखवावी. छोट्या चमकीसाठी भोक नाकपुडीच्या घडीजवळ, जरा वर शोभते, पण इतक्या वरून नथीची तार नाकपुडीच्या कडेला वळसा घालू शकत नाही. खूण झाल्यावर उभे राहून, आरशात समोरून पाहावे. पटली नाही तर पुसून पुन्हा करून घ्यावी.

३. सोबत न्यायची कागदपत्रे आणि घरी आणून ठेवायच्या वस्तू

ही तयारी आदल्या दिवशी करावी. टोचून आल्यावर दुखऱ्या नाकाने औषधाचे दुकान शोधत फिरू नये.

- वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र; १८ वर्षांखालील व्यक्तीबरोबर पालक असावेत.
- लसीकरणाची नोंद. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेले नसेल तर ते आधी घ्यावे. हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा झाल्या आहेत का तेही पाहावे.
- दागिन्याचे पक्के बिल, त्यावर धातू आणि शुद्धता लिहिलेली असावी.
- नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के सोडियम क्लोराइडचे निर्जंतुक द्रावण.
- निर्जंतुक गॉजची पाकिटे. कापूस नको, कारण त्याचे तंतू दागिन्याभोवती गुंडाळतात.
- सुगंध नसलेला सौम्य साबण.
- प्रवासात मानेला लावतात ती मध्ये पोकळी असलेली उशी, कान टोचणार असाल तर.
- मऊ, सुती, रोज बदलता येतील असे दोन-तीन उशीचे अभ्रे.

सलाईन विकत घेताना एक फसगत नेहमी होते. औषधाच्या दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या अनेक बाटल्या असतात आणि घाईत डी.एन.एस.ची बाटली हातात येते. तिच्यात साखर, म्हणजे डेक्स्ट्रोज असते आणि जखमेवर ती अजिबात नको. वाफाऱ्याच्या यंत्रासाठी मिळणारे ३ टक्क्यांचे सलाईनही वेगळे, ते फार खारट असते. लेबलवर फक्त सोडियम क्लोराइड आणि ०.९ टक्के एवढेच लिहिलेले पाहून घ्यावे. मोठी बाटली एकदा उघडली की त्यात जंतू वाढू न देणारे कोणतेही द्रव्य नसल्यामुळे २४ तासांनंतर ती जखमेसाठी वापरू नये. म्हणून १० मिलिलिटरच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात, नाहीतर सर्वात लहान बाटली घ्यावी.

खेडेगावात सलाईन मिळणे कठीण असेल तर पाव लिटर पाणी चांगले उकळून, झाकून निववावे आणि त्यात चहाच्या छोट्या चमच्याने सपाट पाव चमचा मीठ विरघळवून त्याच दिवशी वापरावे. जास्त मीठ घातल्याने जखम लवकर भरत नाही, उलट त्वचा कोरडी पडून तडकते.

४. पहिला दागिना: धातू, लांबी आणि घडण

पहिला दागिना महिनोन्महिने उघड्या जखमेत राहणार असतो, म्हणून तो सुंदर असण्यापेक्षा निरुपद्रवी असणे महत्त्वाचे आहे. शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वात निर्धोक. त्याचे मानक एएसटीएम एफ-१३६ असे लिहिले जाते आणि चांगला स्टुडिओ ते न विचारता सांगतो. सोने घ्यायचे असेल तर त्यात निकेल नसल्याची खात्री करावी. आपल्याकडचे २२ कॅरेटचे पिवळे सोने प्रामुख्याने तांबे आणि चांदी मिसळून केलेले असते, त्यामुळे ते बहुतेकांना सोसते, पण ते मऊ असल्याने त्यावर चरे पडतात आणि डाग दिलेल्या सांध्यात मळ साठतो. पांढऱ्या सोन्यात निकेल असण्याची शक्यता असते. चांदी ताज्या जखमेत काळी पडते आणि त्वचेवर कायमचा काळसर डाग ठेवू शकते. ‘ऑक्सिडाइज्ड’ आणि मुलामा दिलेले दागिने तर पूर्ण जखम भरेपर्यंत डब्यातच राहू द्यावेत. निकेलची ॲलर्जी इतकी सर्वसाधारण आहे, की युरोपीय संघाने टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यांमधून झिरपणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा घातली आहे.

आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क बंधनकारक असला तरी २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना त्यातून सूट आहे आणि नाकातली चमकी बहुधा तेवढी जड नसतेच. तिच्यावर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नये, पण याच कारणाने बिलावर कॅरेट लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

दांडी पहिल्या दिवशी थोडी लांब असली पाहिजे. सूज येतेच, आणि तेव्हा आखूड दांडीची चमकी मांसात रुतते. नाकासाठी आतून सपाट चकती असलेली चमकी मला सर्वात सोयीची वाटते. फिरकीची चमकी पहिल्या काही महिन्यांत टाळावी. फिरकी नाकाच्या आत असते, शेंबूड आणि खपल्या तिच्या आट्यांत अडकतात, आणि ती सैल होऊन झोपेत श्वासाबरोबर आत ओढली जाण्याचा धोकाही खरा आहे: श्वासनलिकेतून नाकातल्या चमकीची फिरकी दुर्बिणीने काढावी लागल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केलेल्या आहेत. बुगडीच्या जागी सुरुवातीला बाळी न घालता सरळ दांडीचा दागिना घालावा, कारण बाळी सतत हलते, केसांत अडकते आणि भोक वाकडे भरते.

५. पहिले तीन दिवस

थोडे रक्त, सूज, उष्णपणा आणि ठणका हे सारे अपेक्षित आहे. नाक टोचताना डोळ्यांतून पाणी येते, शिंका येतात, त्याने बिचकू नये. रक्त आले तर निर्जंतुक गॉज हलकेच काही मिनिटे दाबून धरावे. ठणका फार असेल तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन टाळावे, त्याने रक्तस्राव वाढतो. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ जवळपास धरल्याने सूज कमी होते, मात्र तो थेट जखमेवर ठेवू नये.

या तीन दिवसांत नातेवाईक आणि मैत्रिणी बघायला येतील आणि प्रत्येकजण बोट लावून पाहील. त्यांना स्पष्टपणे थांबवावे. हात न धुता केलेला स्पर्श हे संसर्गाचे सर्वात मोठे कारण आहे, मग तो हात आपल्या स्वतःचा का असेना.

६. रोजची स्वच्छता

दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री, एवढीच स्वच्छता पुरेशी असते. अधिक वेळा धुतल्याने जखम अधिक स्वच्छ होते असे वाटते, प्रत्यक्षात ती चिडते.

आधी साबणाने हात किमान वीस सेकंद धुवावेत आणि नखांखालची घाण काढावी. नंतर सलाईनने भिजवलेले गॉज पुढच्या बाजूला दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवावे, म्हणजे खपली मऊ होते. जी आपोआप सुटून येईल तेवढीच पुसून घ्यावी. जी चिकटून राहील ती नखाने, टोकदार काडीने किंवा टाचणीने काढण्याचा प्रयत्न करू नये. तसेच मागच्या बाजूला करावे. नाकाच्या आतल्या बाजूला कान साफ करायची काडी खुपसण्यापेक्षा सलाईनचे काही थेंब सोडून हलकेच शिंकरणे बरे. शेवटी कोरड्या गॉजने टिपून घ्यावे. ओलसर राहिलेली जखम चिघळते, आणि आपल्या पावसाळ्यात तर ती तासन्‌तास ओली राहते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये टिपण्याचे काम काळजीपूर्वक करावे. अंगाला पुसायचा टॉवेल त्यासाठी वापरू नये, त्याचा धागा अडकतो.

अंघोळीच्या वेळी सौम्य साबणाचा फेस वरून वाहून गेला तर चालतो, पण लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. न्हाताना शाम्पू आधी आणि जखम धुणे शेवटी, हा क्रम ठेवावा.

दागिना फिरवायचा नाही, यावर मला विशेष भर द्यायचा आहे, कारण घरातल्या मोठ्या माणसांचा पहिला सल्ला नेमका उलटा असतो: ‘फिरवत राहा, नाहीतर चिकटेल.’ तो प्रेमाने दिलेला असतो आणि जुन्या काळी सगळीकडे, अगदी दवाखान्यांतही, तेच सांगितले जाई. परंतु दांडीवर वाळलेली खपली फिरवताना आत ओढली जाते, नव्या त्वचेला ओरखडते आणि बाहेरचे जंतू आत नेते. गुळगुळीत दागिना त्वचेला चिकटत नाही. तो जसा आहे तसा राहू द्यावा.

७. जखमेवर जे लावू नये

हळद आणि खोबरेल तेल आपल्या घरात प्रत्येक जखमेवरचे औषध आहे, आणि कडुलिंबाची काडी भोकात घालून ठेवण्याची पद्धत गावोगावी होती. त्यामागची काळजी मी जाणते. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण भोकात अडकतात. तेलाचा थर जखमेवर बसला की लस, म्हणजे जखमेतून येणारा पातळ स्राव, बाहेर पडत नाही आणि धूळ चिकटते. आणि झाडाची काडी जखमेत ठेवणे तर थेट मातीतले जंतू आत पोहोचवणे आहे. आजी नाराज होऊ नये म्हणून तेल तळपायाला लावून घ्यावे, नाकाला नाही.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, सॅव्हलॉन आणि रोज रोज लावलेले बीटाडिन ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही मारतात. सोफ्रामायसिनसारखी मलमे घरात असतातच, पण मलमाने भोक झाकले जाते, आणि या गटातल्या औषधांची अनेकांना ॲलर्जी असते. मग मलमानेच आलेला लालपणा संसर्ग समजून आणखी मलम लावले जाते. डॉक्टरांनी पाहून दिले असेल तेवढेच लावावे. टूथपेस्ट, चुना, लिंबू, टी-ट्री ऑइल, ॲस्पिरिनची पेस्ट यांपैकी काहीही नको.

८. झोप, केस, हेल्मेट आणि फोन

टोचलेल्या कानावर झोपल्याने दांडी तिरकी होते आणि त्या बाजूला गाठ येते. मानेची पोकळ उशी घेऊन कान त्या पोकळीत येईल असे झोपावे, म्हणजे कुशीवरही झोपता येते. ज्यांना दोन्ही कानांना बुगडी हवी आहे त्यांनी एका वेळी एकच कान टोचावा, कारण दोन्हीकडची झोप गमावून काही महिने काढणे कठीण असते.

दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेट घालणे सोडायचे नाही. कान टोचल्यावर पहिले काही आठवडे शक्य असेल तर बसने किंवा रिक्षाने जावे. शक्य नसेल तर हेल्मेट दोन्ही पट्टे ताणून, रुंद करून सावकाश घालावे आणि काढावे, आणि आतले अस्तर वारंवार धुवावे. चेहऱ्याला घट्ट बांधायचा स्कार्फ नाकातल्या चमकीचा मोठा शत्रू आहे, त्यापेक्षा सैल मास्क बरा. कुर्ता डोक्यावरून काढताना, केस विंचरताना आणि लोकलच्या गर्दीत शेजारणीची ओढणी अडकताना सर्वाधिक हिसके बसतात. कपडे काढताना एका हाताने कान झाकण्याची सवय लावून घ्यावी.

फोन दुसऱ्या कानाला लावावा आणि त्याची काच रोज पुसावी. केसांचा रंग, मेंदी, हेअर स्प्रे, फेशियल, ब्लीच आणि होळीचे रंग जखमेपासून दूर ठेवावेत. तरणतलाव, विहीर, नदी आणि समुद्र निदान पहिले दोन-तीन महिने वर्ज्य. खारे पाणी जखमेला चांगले असते म्हणून समुद्रात डुंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की समुद्राचे पाणी आणि निर्जंतुक सलाईन यांत खारटपणाशिवाय काही समान नाही.

९. नेहमीचे काय आणि काळजीचे काय

भोकाभोवती येणारा पांढरट किंवा फिकट पिवळा, वाळल्यावर खपली होणारा पातळ स्राव म्हणजे लस. तो जखम भरण्याचाच भाग आहे आणि बुगडीत तो काही महिने अधूनमधून येतो. मधूनच एखादा आठवडा सूज येणे, थंडीत दुखणे, हेही होते. पू मात्र दाट, हिरवट किंवा गडद पिवळा असतो, त्याला वास येतो आणि त्याच्याबरोबर वाढता ठणका असतो.

नाकातल्या चमकीच्या मुळाशी लालसर पुटकुळीसारखी गाठ आली की सगळ्या केलॉइडच्या भीतीने गर्भगळित होतात. बहुतेक वेळा ती चिडलेल्या त्वचेची गाठ असते: दांडी लांब आहे, चमकी सतत रुमालाला लागते, कोणी ती फिरवते आहे किंवा धातू सोसत नाही. कारण दूर केले की ती काही आठवड्यांत बसते. केलॉइड सहसा काही महिन्यांनी, सावकाश येतो, टणक असतो आणि जखमेच्या कडा ओलांडून पसरत जातो. तो आपोआप जात नाही आणि घरगुती उपायांनी वाढतो. त्यावर त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, आणि जितक्या लवकर दाखवावे तितके उपचार सोपे जातात.

भोकाभोवती खाज, बारीक पुरळ आणि कोरडी साल निघत असेल तर धातूची किंवा लावलेल्या एखाद्या वस्तूची ॲलर्जी असू शकते. दागिना टायटॅनियमचा करून घ्यावा.

१०. डॉक्टरांकडे न थांबता केव्हा जावे

कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजलेला आणि स्पर्शही सहन न होण्याइतका दुखरा झाला, आणि खालची पाळी मात्र व्यवस्थित असली, तर ते कूर्चेच्या आवरणाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उशीर झाला तर पू साठून कूर्चेचे पोषण तुटते, ती गळून जाते आणि कान चुरगळल्यासारखा होतो. हा संसर्ग करणारा सुडोमोनास अनेक सर्वसाधारण प्रतिजैविकांना दाद देत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या घेऊन दोन दिवस वाट पाहणे हा सर्वात घातक मार्ग आहे.

ताप येणे, लाल रेघा पसरणे, चेहरा सुजणे, दागिना मांसात रुतून दिसेनासा होणे, रक्तस्राव न थांबणे यांपैकी काहीही झाले तरी लगेच जावे. नाकावरची पिकलेली जागा कधीही दाबून पिळू नये, कारण नाक आणि वरचा ओठ यांमधल्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात.

संसर्ग झाला की दागिना काढून टाकण्याची घाई होते. तो काढला की भोकाची तोंडे बुजतात आणि पू आत कोंडला जातो. काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

११. दागिना बदलणे

साधारण चार ते आठ आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, ज्यांनी टोचले त्यांच्याकडेच जाऊन लांब दांडीच्या जागी आखूड दांडी बसवून घ्यावी. ही पायरी बहुतेकजण विसरतात, आणि मोकळी दांडी मागेपुढे हलत राहिल्याने महिनोन्महिने गाठ बसत नाही.

आवडीचा दागिना घालण्याची वेळ पाळीसाठी दोन महिन्यांनी, नाकासाठी सहा महिन्यांनी आणि बुगडी व भिकबाळीसाठी वर्षानंतर येते, तीही सलग काही आठवडे लस, खपली, दुखणे यांपैकी काहीच नसेल तर. नवा दागिना आधी स्वच्छ धुऊन, सलाईनने ओलसर करून घालावा. तो जात नसेल तर जोर न लावता जुना परत घालावा आणि टोचणाऱ्याकडे जावे.

नथ पहिल्यांदा घालाल तेव्हा हलकी, बारीक तारेची निवडावी आणि काही तासच घालावी. जड नथ नेहमी घालायची असेल तर तिचा भार केसांत अडकवलेल्या साखळीने किंवा दोऱ्याने उचलून धरावा. नथ काढल्यावर त्याच बैठकीत चमकी पुन्हा घालावी, कारण नाकातले भोक पहिल्या वर्षभरात एका रात्रीतही इतके आवळते की सकाळी दांडी आत जात नाही.